उंचावरून दिसणारी राज्ये

2025 सालच्या प्रायश्चित्तकाळातील पहिला रविवार होता. सकाळच्या मिस्साला संत लूकच्या शुभवर्तमानातील परीक्षेचा उतारा वाचण्यात आला. उपवासाने क्षीण झालेल्या येशूला सैतान उंचावर नेतो, जगातील सर्व राज्ये एका क्षणात त्याच्यासमोर मांडतो आणि त्यांचे वैभव देऊ करतो. दुपारी जेवण आटोपून मी बहिणीच्या घरी गेलो. महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा संगणकासमोर बसला होता. पडद्यावर निळाशार समुद्र, षट्कोनी घरांत विभागलेली हिरवी भूमी आणि तिच्यावर विखुरलेली इवलीशी नगरे. भाचा ते सारे वरून पाहत होता.

"बसा ना मामा. एकच खेळी राहिलीय, मग उठतो," तो म्हणाला.

ती एक खेळी दिवेलागणीपर्यंत संपली नाही. मधल्या वेळात त्याने मला नव्या खेळाविषयी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली तक्रारीच्या सुरात. "मी अशोक राजा घेतला होता, मौर्यांचं राज्य. काय सुंदर उभं केलं होतं! पण युग संपलं आणि यांनी मौर्य हे नावच काढून घेतलं. आता म्हणे चोळ व्हा. राजा तोच, नगरं तीच, पण आपण ते राहिलोच नाही, असं वाटतं." दुसरी गोष्ट मात्र अभिमानाची होती. "पण चोळ झाल्यावर समुद्रापलीकडची पाच नगरं जिंकली. ती आपल्या धर्मात आली की गुण आणखी वाढतात."

"त्या नगरांतल्या लोकांना विचारलंस का रे?" मी सहज म्हणालो.

तो हसला. "मामा, तिथे लोक नसतात. आकडे असतात."

"आणि नगरांची नावं?"

"ती काही पाहिली नाहीत."

त्या वेळी मीही हसलो. परंतु सकाळचे शुभवर्तमान आणि दुपारचे हे संभाषण मनात एकमेकांपासून वेगळे होईनात. आपले नाव हिरावले गेल्याचे दुःख आणि दुसऱ्याचे नगर आपल्या धर्मात आणल्याचा आनंद, या दोन भावना एकाच मुलाच्या मनात, एकाच दुपारी, एकमेकींची ओळखही न पटता शेजारी शेजारी नांदत होत्या. ही ओळख का पटत नाही, याचा विचार येथे करायचा आहे.

या खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन', म्हणजे संस्कृती. अमेरिकेतील सिड मायर यांनी ब्रूस शेली यांच्या साहाय्याने 1991 साली तो प्रथम सिद्ध केला. इसवीसनपूर्व 4000 मध्ये एक छोटीशी टोळी हाती घ्यायची, नगर वसवायचे, शेती, लेखन, चाक असे शोध लावीत, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करीत सहा हजार वर्षांचा प्रवास करायचा आणि अखेरीस जग जिंकायचे किंवा दूरच्या ताऱ्याकडे अवकाशयान धाडायचे, अशी त्याची मूळ कल्पना. खेळ एकेका खेळीने पुढे सरकतो. प्रत्येक खेळीच्या शेवटी काहीतरी पूर्ण होण्याच्या बेतात असते, त्यामुळे 'आणखी एकच खेळी' हे या खेळाच्या भक्तांचे जगभरचे परवलीचे वाक्य झाले आहे. या धाटणीच्या खेळांना अॅलन एमरिच या समीक्षकाने 1993 साली चार क्रियापदांवरून एक नाव दिले. इंग्रजीत त्या चारही शब्दांचा प्रारंभ सारख्याच ध्वनीने होतो. मराठीत त्यांचा अर्थ असा : शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा. नाव देणाऱ्याने ते काहीसे गमतीने दिले असेल, पण साम्राज्यांच्या इतिहासाचा इतका थोडक्यात सारांश क्वचितच कोणा इतिहासकाराने केला असेल.

11 फेब्रुवारी 2025 रोजी या मालिकेतील सातवा खेळ बाजारात आला. जगभरच्या खेळाडूंच्या पहिल्या प्रतिक्रिया संमिश्र होत्या. नगरांची देखणी रचना, ज्यांतून जहाजे हाकता येतात अशा नद्या आणि विखुरलेल्या सैन्याला एका सेनापतीच्या हाताखाली आणण्याची सोय, यांचे कौतुक झाले. पडद्यावर हवी ती माहिती सापडत नाही, अशी सार्वत्रिक तक्रार झाली. परंतु सर्वांत अधिक वाद झाला तो माझ्या भाच्याला झोंबलेल्या गोष्टीवरून. पूर्वीच्या खेळांत रोमन म्हणून आरंभ केलेला खेळाडू शेवटपर्यंत रोमन राहत असे. नव्या खेळात प्राचीन, शोधसफरींचे आणि आधुनिक अशी तीन युगे करण्यात आली. राजा तोच राहिला, तरी प्रत्येक युगाच्या उंबरठ्यावर जुनी संस्कृती टाकून नवी धारण करणे प्रकाशनाच्या वेळी बंधनकारक होते. इतिहास थरांवर थर रचून घडतो, हे आपल्याला दाखवायचे आहे, अशी निर्मात्यांची भूमिका होती. ती चुकीची म्हणता येणार नाही. पण असंख्य खेळाडूंना वाटले की आपल्या हातून काहीतरी हिसकावून घेतले गेले. भरीला, आपल्या नगराला आपल्या मनाचे नाव देण्याची सोयही आरंभी नव्हती. खेळाडूंनी ओरड केली, आणि मार्च 2025 मध्ये ती देण्यात आली.

खेळाकडे संशयाने पाहण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. म्हणून आरंभीच सांगतो, मुलांनी असे खेळ खेळू नयेत असे मला म्हणायचे नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या गंभीर पंडिताने खेळाची बाजू घेतली आहे. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसे सतत ताणलेले मनही मोडते, हा प्राचीन दृष्टांत त्यांनी आपल्या महाग्रंथात सांगितला. इतकेच नव्हे, तर विनोदाला आणि विरंगुळ्याला मुळीच थारा न देणे हाही एक दोषच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शिवाय या खेळाने माझ्या भाच्याला जे शिकवले ते मी नाकारू शकत नाही. धरण बांधायचे तर धान्य आधी साठवावे लागते, आजचा अविचारी तह पन्नास खेळ्यांनंतर अंगाशी येतो, नदीकाठी वसलेल्या नगराचे भाग्य डोंगरातल्या नगरापेक्षा वेगळे असते, हे सारे त्याला पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते. चोळांचे आरमार हा शब्द त्याने पहिल्यांदा उच्चारला तो या खेळामुळे.

कोणी म्हणेल, बुद्धिबळातही प्यादी मरतात, मग बुद्धिबळ खेळणारा क्रूर होतो काय? प्रश्न योग्य आहे. पण बुद्धिबळातले प्यादे कोणत्याही गावचे नसते. त्याला भाषा नसते, देव नसतो, आजी नसते. हा नवा खेळ खऱ्या माणसांची, खऱ्या देशांची आणि खऱ्या धर्मांची नावे घेऊन येतो आणि जग असेच घडले, असे हळूच कानात सांगतो. अशा खेळातली हिंसा मुलाला हिंसक करील, अशी भीती मला वाटत नाही. भीती वाटते ती उंचावरच्या आसनाची. ते आसन इतके सुखाचे आहे की त्यावर बसून जग पाहणे म्हणजेच जग पाहणे, असे वाटू लागते.

उंचावरून काय दिसते? सीमा दिसतात, पिके दिसतात, सोन्याची आवक दिसते, लोकसंख्या दिसते. काय दिसत नाही? माणूस दिसत नाही. जुन्या करारात दावीद राजाने इस्राएलची शिरगणती केल्याची कथा आहे. गणती पुरी होताच राजाचे मन त्याला खाऊ लागले, आणि आपण मोठे पाप केले, अशी त्याने देवाकडे कबुली दिली. लहानपणी मला ही कथा कळत नसे. मोजण्यात कसले आले पाप? आता वाटते की माणसाला तलवार चालवणारा एक हात एवढेच मानून मोजले की तो देवाचा राहत नाही, राजाच्या मालकीचा होतो. भाच्याचे ते सहज वाक्य, 'तिथे लोक नसतात, आकडे असतात,' हे खेळाचे खरेखुरे वर्णन होते. दुर्दैवाने ते खऱ्याखुऱ्या साम्राज्यांचेही वर्णन आहे.

भाच्याने निवडलेला अशोक मात्र या बाबतीत एकमेव म्हणावा असा राजा. खेळात त्याची दोन रूपे आहेत, एक जगज्जेता आणि दुसरे जगाचा त्याग करणारा. खेळाडूने सोयीप्रमाणे एक निवडावे. प्रत्यक्ष इतिहासात ती दोन्ही रूपे एकाच माणसाची होती आणि त्यांच्यामध्ये कलिंगाचे युद्ध उभे होते. तेराव्या शिलालेखात अशोकाने स्वतःच आकडे दिले आहेत : दीड लाख माणसे देशोधडीला नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट माणसे अन्य कारणांनी मेली. आकडे देऊन तो थांबत नाही. जे स्वतः वाचले त्यांचेही मित्र, सोयरे, सोबती आपत्तीत सापडले आणि म्हणून वाचलेल्यांवरही आघातच झाला, असे तो सांगतो. जेत्याने आपल्याच विजयाचा हिशेब दुसऱ्याच्या घरात उभे राहून लिहावा, असे जगाच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडले आहे. आपल्या वसई तालुक्यातील सोपारा येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना याच राजाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या सफरींवर जात, आपण त्याऐवजी लोकांना भेटण्यासाठी धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. राजाने विरंगुळा सोडावा, असा त्याचा अर्थ मी लावत नाही. आसनावरून खाली उतरून लोकांना भेटावे, एवढा मात्र नक्कीच लावतो.

आता धर्माच्या गुणांकडे वळतो, कारण तेथे हा विषय परका राहत नाही, आपल्या उंबरठ्याच्या आत येतो.

नव्या खेळाच्या दुसऱ्या युगात समुद्रापलीकडील दूरच्या भूमीत नगर वसवले की गुण मिळत, दुसऱ्याचे नगर जिंकले की अधिक, आणि जिंकलेले नगर आपल्या धर्मात आले की त्याहून अधिक, अशी योजना प्रकाशनाच्या वेळी होती. त्या मार्गाला दिलेले लॅटिन नावच 'जग पुरेसे नाही' अशा अर्थाचे आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याशी निगडित असलेले ते ब्रीद. पटावर मिशनरी नावाचे एक प्यादेही असते. त्याने ठरावीक वेळा धर्मप्रसार केला की ते पटावरून नाहीसे होते. त्याचे काम संपलेले असते.

याच मालिकेच्या सहाव्या खेळात 2021 साली पोर्तुगालची भर पडली, आणि त्याचा राजा म्हणून निवडला गेला तिसरा जुआंव. हे नाव वाचून मी थबकलो. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख देऊन टाकला, तेव्हा लिस्बनच्या सिंहासनावर हाच राजा होता. त्याच्याच विनंतीवरून संत फ्रान्सिस झेवियर निघाले आणि 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. म्हणजे जगातील कोणी एक मुलगा जेव्हा या जुआंवचे सोंग घेऊन दूरच्या किनाऱ्यावरील एखादे अनाम नगर हस्तगत करतो, तेव्हा ते नगर म्हणजे आपण असतो. तहाच्या कागदावर सह्या झाल्या त्या दिवशी या भूमीतील भातखाचरांत आणि केळीच्या वाड्यांत राबणाऱ्या कोणालाही काही विचारण्यात आले नव्हते. उंचावरच्या दोघांनी खाली पाहिले आणि भूमीची रेषा इकडची तिकडे झाली.

आणि पुढचा अवघड प्रश्न. धर्माचे गुण ही केवळ खेळ रचणाऱ्यांची कल्पना होती काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर, नव्हती. झेवियर यांनी राजाला लिहिलेल्या पत्रांत पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाविषयी आणि त्यांच्या हातून नवख्रिस्ती गोरगरिबांना होणाऱ्या जाचाविषयी कळवळून तक्रारी केल्या आहेत. त्या वाचून मान आदराने लवते. परंतु त्याच संतांनी 1548 सालच्या पत्रात राजाला असेही सुचवले की धर्मप्रसाराची जबाबदारी गव्हर्नरांवर टाकावी आणि त्यात कसूर करणाऱ्यांना शिक्षा करावी. गव्हर्नराच्या कारकिर्दीचे मूल्यमापन ख्रिस्ती झालेल्यांच्या संख्येवरून व्हावे, ही ती कल्पना. गुणफलक म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? त्या शतकात देवळे पाडली गेली, हेही आपण लपवू नये. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव गुंफेचे चर्च झाले आणि पोर्तुगीज गेल्यावर तेथे पुन्हा शिवपूजा सुरू झाली. गुंफा आणि तिच्यावरचे भग्नावशेष आजही एकावर एक उभे आहेत. इतिहासाचे थर म्हणतात ते हेच. पण प्रत्येक थराखाली कोणीतरी दबलेले असते, हे पडद्यावर दिसत नाही.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, हे मानवी प्रतिष्ठेच्या पायावर उभे केले. पोप निकोलस पाचवे यांनी 1455 साली पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या आदेशपत्रासारख्या लेखांचा आधार घेऊन दूरच्या भूमी बळकावण्याचे जे तत्त्व रूढ झाले, ते व्हॅटिकनने 30 मार्च 2023 रोजी स्पष्टपणे नाकारले. ज्या संस्थेने एकेकाळी राजांच्या हाती गुणफलक दिला, तिनेच तो खाली ठेवला. एवढे धैर्य खेळाच्या नियमांनाही दाखवता येईल का, असा प्रश्न पडतो.

तसे काही प्रयत्न झालेही आहेत. 2018 च्या आरंभी सहाव्या खेळात कॅनडातील क्री जमातीचा नेता पाउंडमेकर याला घेतल्याचे जाहीर झाले. हा शांततेचा पुरस्कर्ता. 1885 साली त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून त्याला तुरुंगात टाकण्यात आले, दुसऱ्याच वर्षी तो वारला, आणि कॅनडाच्या सरकारने त्याला निर्दोष घोषित केले ते थेट 2019 साली. खेळातील सन्मानाने त्याचे लोक हरखून जातील, असे वाटले होते. परंतु त्या जमातीचे एक प्रमुख मिल्टन टुटूसिस यांनी आक्षेप घेतला. दुसऱ्यांची भूमी जिंकणे हे जणू आमच्याही पूर्वजांचे ध्येय होते, असा खोटा समज या खेळामुळे दृढ होईल, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय कंपनीने जमातीशी संपर्क साधल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणजे येथेही विचारायचे राहून गेले होते! सातव्या खेळाच्या वेळी मात्र शॉनी जमातीचा नेता टेकम्से याला घेताना निर्मात्यांनी जमातीच्या प्रतिनिधींना सहभागी करून घेतले, संवाद त्यांच्या भाषेत बोलवून घेतले आणि त्या लुप्तप्राय भाषेच्या जतनकार्याला साहाय्य केले. जग जिंकण्याचा खेळ तोच राहिला. परंतु खेळ रचणारा माणूस एकदा तरी आसनावरून उतरला, आणि त्याने विचारले.

हे सारे मनात घोळत असता मे महिन्यात भाच्याला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो. वास्तविक किल्ला त्याने शंभरदा पाहिला आहे. आम्ही तटावर चढलो. खाडी, होड्या, माडांची रांग, पलीकडचा किनारा, सगळे एका नजरेत येत होते.

"मामा, हे अगदी खेळातल्यासारखं दिसतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत ना, की नगरातल्यांना विचारलं का? मग आपल्या लोकांना कोणी विचारलं होतं का?"

माझ्या डोक्यात इतिहासाची उत्तरे होती, पण तो मला इतिहास विचारत नव्हता. ज्या श्रद्धेत माझा स्नानसंस्कार झाला, जिच्यात मी माझ्या आईवडिलांना निरोप दिला, ती एखाद्या राजाच्या गुणफलकावरची नोंद म्हणून तर या किनाऱ्यावर उतरली नाही ना, हा तो प्रश्न होता. मी त्याला म्हणालो, "काहींना विचारलं असेल. काहींना शिकवून पटवलं असेल. कित्येकांना विचारलं नसेल, हे आपण मान्य करायला हवं."

"मग?"

"मग 1739 उजाडलं. चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, तिचे बहुतेक धर्मगुरू गेले, जहाजं गेली. खेळाच्या भाषेत सांगायचं तर आपलं युग संपलं. त्या दिवसापासून ख्रिस्ती राहण्यात कोणाचाही काही लाभ नव्हता. गुण देणारा राजाच उरला नव्हता. तरी आपली माणसं संध्याकाळी घराघरांत गुडघे टेकून प्रार्थना म्हणत राहिली. माझ्या लेखी आपल्याला त्या दिवशी खऱ्या अर्थाने विचारलं गेलं, आणि त्यांनी उत्तर दिलं."

हे उत्तर पुरेसे आहे, असा माझा दावा नाही. सोळाव्या शतकातील अन्यायाची भरपाई अठराव्या शतकातील निष्ठेने होत नाही. परंतु या उत्तराने मला एक गोष्ट नव्याने दाखवली. साम्राज्याच्या गुणफलकावर जे मोजले गेले, ते सोने, ती बंदरे, ते तट, त्यांतले बहुतेक आज ढासळले आहे. जे टिकले ते कोणी मोजलेच नव्हते. आडनावे पोर्तुगीज झाली, पण लग्नातली गाणी सामवेदी आणि वाडवळी बोलींतच राहिली. देव्हाऱ्यातली मूर्ती बदलली, पण तिच्यासमोर बसून आजीने नातवाला शिकवलेली प्रार्थना मराठीत होती. याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण येथे होते. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर गेले. मिशनरी म्हणजे परक्या साम्राज्याचे हेर, असा संशय जपानच्या सत्ताधीशाला आला होता असे सांगितले जाते. त्याच्या पटावर ते एक शत्रूचे प्यादे होते. खेळातल्या मिशनरीप्रमाणे तेही पटावरून नाहीसे झाले, आणि तरीही चार शतकांहून अधिक काळ लोटल्यावर आपल्या मुलांना आपण त्यांचे नाव ठेवतो.

आता भाच्याच्या तक्रारीकडे परत येतो. मौर्य हे नाव काढून घेतले तेव्हा त्याला जे वाटले, ते या संपूर्ण खेळातील सर्वांत मोलाचे क्षण होते, असे मला वाटते. जगभरच्या हजारो खेळाडूंनी त्या पहिल्या आठवड्यांत जी नाराजी व्यक्त केली, ती वरवर पाहता करमणुकीच्या वस्तूविषयी गिऱ्हाइकाची कुरकुर होती. पण तिच्या तळाशी एक फार जुने मानवी दुःख होते. मी कोण हे ठरवण्याचा अधिकार माझ्या हातून कोणीतरी वरून काढून घेतला, हे ते दुःख. साम्राज्य उभारणाऱ्याला साम्राज्याखाली भरडल्या जाणाऱ्याची वेदना कणभर का होईना, अनुभवायला मिळाली. ती बहुतेकांनी खेळाचा दोष म्हणून बाजूला सारली. मला वाटते, ती धरून ठेवायला हवी होती. कारण ज्याला स्वतःचे नाव जाण्याचे दुःख कळते, त्याला दुसऱ्याचे नाव पुसताना हात आखडता घ्यायला शिकवता येते. करुणा अशीच सुरू होते, स्वतःच्या लहानशा जखमेपासून.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. मुले हे खेळ खेळतील, आणि खेळोत. आपण कधीतरी शेजारी खुर्ची ओढून बसावे, एखादा साधा प्रश्न विचारावा आणि त्यांनी उलट विचारलेल्या प्रश्नाला न भिता सामोरे जावे. येशूने त्या उंच जागी दाखवलेली राज्ये नाकारली ती राज्यांचा तिरस्कार वाटला म्हणून नव्हे. त्याला गालीलच्या गावांत, एकेका माणसाजवळ जायचे होते. ती गावे वरून पाहून कळण्यासारखी नव्हती.

पावसाळ्यात एका रात्री भाच्याचा फोन आला. खेळ अजून चालूच होता, नवे युग लागले होते. "मामा, ती पाच नगरं आठवतात?" तो म्हणाला, आणि एकेक करून त्याने मला त्यांची नावे वाचून दाखवली.